मॅट काळ्या बाइकवर रेडियम: दिवसा दिसू नये, रात्री झळकावं, असं काही जमतं का?

काळी_घोडी:
मंडळी, बाइक पूर्ण मॅट काळी आहे, टाकीपासून रिमपर्यंत. दिवसा एक नंबर दिसते, पण रात्री दिवे नसलेल्या रस्त्यावर मागच्याला टेललॅम्प सोडून काही दिसत नाही आणि बाजूने तर मी नसल्यात जमा. घरचे मागे लागलेत रेडियम मारून घे म्हणून, पण ट्रकच्या मागे असतात तसले लाल-पांढरे पट्टे मला बाइकवर नकोत म्हणजे नकोत. काळ्या रंगातच रिफ्लेक्टिव्ह विनाइल (चिकटवायची चमकणारी फिल्म) येतं असं ऐकलंय, दिवसा काळं आणि लाईट पडला की पांढरं. ते खरंच चमकतं का नुसती हवा आहे? कुठे लावावं? मॅट पेंटची वाट लागेल का? आणि घरच्या घरी लावता येईल का, की कटिंगवाल्याकडेच जावं?

विनाइल_वेडा:
चमकतं, पण अपेक्षा जरा कमी ठेव. या फिल्ममध्ये काचेचे बारीक मणी असतात, किंवा महागड्या प्रकारात छोटे छोटे प्रिझम. आलेला प्रकाश ते जिथून आला तिकडेच परत पाठवतात, म्हणून तो हेडलाईटच्या मागे बसलेल्या ड्रायव्हरलाच दिसतो. आता वरचा रंग जितका गडद तितका प्रकाश आतच खाल्ला जातो. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या डी ४९५६ या मानकात इंजिनिअर ग्रेडसाठी, म्हणजे सगळ्यात साध्या फिल्मसाठी, प्रकाश कमीत कमी किती परतला पाहिजे याचे आकडे दिलेत, पांढरा ७०, पिवळा ५०, लाल १४ आणि निळा फक्त ४. म्हणजे निळं रेडियम दिवसा कितीही भारी दिसलं तरी रात्री जवळपास बिनकामाचं. काळंही पांढऱ्याच्या बरंच मागे असतं. मी तर म्हणेन टाकीवरचं डिझाइन खुशाल काळ्यात कर, ते हौसेसाठी, पण ज्याच्यावर जीव अवलंबून आहे ती जागा पांढऱ्या, पिवळ्या नाहीतर चांगल्या ग्रेडच्या लालमध्येच कर.

रात्रपाळी:
टाकीवर कशाला वेळ घालवता राव, टाकी तुमच्या गुडघ्यामागे लपते, मागून तर दिसतच नाही. रिम करा. बाजूने येणाऱ्याला दोन गोल दिसले की डोकं लगेच सांगतं ही दुचाकी आहे, नुसता एक ठिपका दिसला तर तो कशाचा आहे हे कळेपर्यंत वेळ जातो आणि ६० च्या स्पीडला एका सेकंदात साडेसोळा मीटर गेलेले असतात. यात एक गोष्ट लोक विसरतात, अख्खं सलग वर्तुळ लावलं की चाक फिरतंय का थांबलंय ते दिसतच नाही, गोल तो गोलच. मध्ये मध्ये गॅप सोडून तुकडे लावा, मग फिरताना लुकलुकतं आणि नजर तिकडे जातेच. शिवाय छोटे तुकडे वाकवायला सोपे. १७ इंची चाकाला एका बाजूला साधारण १.४ मीटर पट्टी धरा, दोन्ही चाकं दोन्ही बाजू म्हणजे साडेपाच मीटरच्या आसपास, गॅप सोडले तर त्याहून कमीच.

काळी_घोडी:
रिमची आयडिया आवडली, पातळ पट्टी असेल तर दिवसाही चांगलंच दिसेल. मागे पण काळंच लावू का मग? टेलच्या दोन्ही बाजूंना बारीक बाण काढायचेत. आणि मॅट पेंटचं कुणीच बोललं नाही अजून 😅

पाना_पक्कड:
मागे काळं नको. रात्री ते पांढरं चमकणार आणि पुढून पांढरा, बाजूने पिवळा, मागून लाल ही सवय सगळ्यांच्या डोळ्यांना लागलेली असते. मागे पांढरं दिसलं की गाडी समोरून येतेय का पुढे चाललीय इथेच घोळ. मागे लालच, पण लाल मुळात कमी परततं म्हणून साधा ग्रेड नको, हाय इंटेन्सिटी हा वरचा ग्रेड घे, त्यात लाल किमान ४५ आहे म्हणजे साध्याच्या तिप्पट. फक्त ही फिल्म ताठ असते, टेलच्या गोलाईवर ओढून बसवलीस तर कडा उठणारच. सपाट जागा शोध नाहीतर बाण लहान कर. टेललॅम्प, इंडिकेटर आणि नंबरप्लेटवर काहीही चिकटवू नकोस. तुझ्याकडचे नियम पण बघून घे, बऱ्याच ठिकाणी कुठल्या बाजूला कुठला रंग चालतो हे ठरलेलं असतं.

आता मॅट. मॅटचा पृष्ठभाग खरखरीत असतो, त्यामुळे गोंद पूर्ण टेकत नाही आणि काढताना वेगळाच त्रास, स्टिकरखालचा भाग आणि उघडा भाग यांत फरक पडतो, डिझाइनचं भूत कायमचं राहतं. आधी सीटखाली कुठेतरी लहान तुकडा लावून महिनाभर सोडून दे. मडगार्डचं खरखरीत काळं प्लास्टिक तर सोडूनच दे, त्याला फार काही चिकटतच नाही.

लावणं घरी होतं रे. आधी शाम्पूने धू, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, बोट लावू नकोस परत. कोपरे कात्रीने गोल करून घे, टोकदार कोपराच आधी उठतो. साधं मण्यांचं विनाइल असेल तर साबणाच्या पाण्याचा फवारा मारून सरकवता येतं, पण प्रिझमवाली पट्टी कोरडीच लावायची, तिच्या कापलेल्या कडेतून पाणी आत शिरलं की तेवढा भाग आंधळा. मग मधून कडेकडे घासत जा, शेवटी हेअर ड्रायरने कडा गरम करून दाब. दोनेक दिवस धुऊ नकोस. सायलेन्सरजवळ आणि पेट्रोलच्या झाकणाभोवती लावू नकोस, गोंद सुटतो.

हेल्मेट_आधी:
सगळं ठीक आहे पण माझं मत वेगळं. बाइकवरच्या पट्ट्या खाली असतात, पुढे एखादी गाडी आडवी आली की झाकल्या जातात, तुमची पाठ आणि डोकं वर असतं. न्यूझीलंडच्या ऑकलंडमधल्या मोटरसायकलस्वारांवरचा अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता, त्यात रिफ्लेक्टिव्ह किंवा फ्लुरोसंट कपडे घालणाऱ्यांना अपघातात जखमी होण्याचा धोका ३७ टक्के कमी निघाला आणि काळ्या हेल्मेटपेक्षा पांढऱ्याला २४ टक्के कमी. फ्रान्समध्ये तर हेल्मेटवर रिफ्लेक्टिव्ह स्टिकर सक्तीचे आहेत. बाइक काळी ठेवा हो, डोकं कशाला काळं ठेवता.

रात्रपाळी:
@हेल्मेट_आधी मान्य, पण जॅकेट माणूस घरी विसरतो, रिम विसरता येत नाही. दोन्ही करा ना, भांडण कशाला. तसंही चौकात एखादा काटकोनात येत असेल तर त्याच्या हेडलाईटचा झोत तुमच्यावर पडतच नाही, तोवर जॅकेट काय आणि पट्टी काय, काहीच चमकत नाही. तिथे आपणच स्पीड कमी करायचा.

विनाइल_वेडा:
लावून झालं की टेस्ट नीट करा. बरेच जण टॉर्च कमरेजवळ धरून बघतात आणि म्हणतात चमकतच नाही. टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी धरायचा आणि वीस-तीस पावलं लांब जायचं, मग हळूहळू हात खाली नेला की चमक कशी उतरते ते दिसेल. उंच ट्रकमधल्या ड्रायव्हरचे डोळे हेडलाईटपासून लांब असतात, त्याला गाडीवाल्यापेक्षा कमीच दिसतं.

काळी_घोडी:
ओके मग ठरलं, रिमला पांढरे तुकडे, मागे लाल बाण, टाकीवर काळं पण आधी सीटखाली टेस्ट. हेल्मेटचंही बघतो. मागच्या रिमला चेनचं तेल उडतं त्याचं काय करू?

पाना_पक्कड:
ल्यूब मारल्यावर लगेच निघू नकोस, रात्रभर मुरू दे आणि जास्तीचं फडक्याने पुसून काढ. तरी चेनच्या बाजूची पट्टी काळी पडणारच, साबणाच्या पाण्याने पुसत जा. डिग्रीझर (तेलकटपणा काढायचं केमिकल) नको, कडेतून गोंदात जातो.