फराळ ‘करायचा’ की ‘बनवायचा’?

प्रश्न

आमच्या इमारतीतील कुटुंबांनी दिवाळीपूर्वीच्या रविवारी एकत्र बसून करंज्या, चकल्या आणि लाडू करायचे ठरवले असून त्याची सूचना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी ‘सर्व जण मिळून दिवाळीचा फराळ बनवू या’ असे लिहिले, तेव्हा सासूबाईंनी फराळ बनवत नसतात, करतात, असे सांगून ‘बनवू’ हा शब्द खोडला. त्याऐवजी ‘करू या’ लिहिले तर लोक खाण्याच्या तयारीने येतील, अशी शंका शेजारच्या काकांनी काढली. मला दोघांचेही म्हणणे पटते आणि अडचण तीच आहे. यांपैकी कोणता प्रयोग योग्य मानावा? शिवाय एकादशीलाही आपण फराळच करतो. तर साबुदाण्याची खिचडी आणि भाजणीची चकली या दोहोंची सोय एकाच शब्दात कशी लागली?

पहिला प्रतिसाद

काकांनी विनोदाने म्हटले असले तरी त्यांची शंका व्याकरणाच्या दृष्टीने अगदी रास्त आहे. ‘फराळ’ हे संस्कृत ‘फलाहार’ या शब्दाचे झिजलेले रूप आहे. त्यात ‘आहार’ असल्यामुळे हा शब्द खाण्याच्या पदार्थांइतकाच खाण्याच्या क्रियेचाही वाचक आहे. ‘मी दुपारी फराळ केला’ असे म्हणणाऱ्याने स्वयंपाकघरात पाऊलही टाकले नसेल, तरी त्याचे वाक्य खरे असते. ‘जेवण करणे’ या प्रयोगातही हीच संदिग्धता आहे, पण तेथे रांधण्यासाठी ‘स्वयंपाक’ हा वेगळा शब्द हाताशी असल्याने घोटाळा होत नाही. फराळाला तसा जोडीदार शब्द मिळाला नाही.

जुन्या वळणाच्या मराठीने ही उणीव वेगळ्या रीतीने भरून काढली आहे. ‘फराळाचे झाले का?’, ‘यंदा फराळाचे अजून व्हायचे आहे’, ‘सुनेच्या मदतीला म्हणून फराळाचे करायला गेले होते’ ही वाक्ये आठवून पाहावीत. येथे ‘फराळाचे’ हे षष्ठीचे रूप नपुंसकलिंगी नामासारखे वापरले आहे आणि त्याचा अर्थ ‘फराळासाठी लागणारे सर्व पदार्थ’ असा होतो. ‘आज गोडाचे केले आहे’, ‘उपवासाचे काही आहे का?’ या प्रयोगांची घडणही अशीच आहे. फराळ केला म्हणजे खाल्ला आणि फराळाचे केले म्हणजे तळले, वळले, डब्यांत भरले, इतका स्पष्ट भेद भाषेत असताना आपण तो विसरत चाललो आहोत, आणि माझ्या मते ‘फराळ बनवणे’ या प्रयोगाला घरात शिरण्याची वाट त्या विस्मरणातूनच मिळाली.

‘बनवणे’ सरसकट अशुद्ध ठरवण्याच्या बाजूचा मी नाही, कारण ते क्रियापद मराठीत रुळलेले आहे. मात्र माणसाच्या बाबतीत ते ‘फसवणे’ या अर्थाने येते (‘मला बनवू नकोस’, ‘बनवाबनवी’), आणि खाण्यापिण्याच्या बाबतीत मराठीचा स्वाभाविक कल ‘करणे’ या क्रियापदाकडे आहे. आपण चहा करतो, पोळ्या करतो, भाजी करतो. ‘चहा बनवते’ हे वाक्य चुकीचे नाही, पण त्यामागे हिंदीची सावली जाणवते. सासूबाईंच्या कानाला खटकले ते हेच असावे.

आता एकाच शब्दातील दोन टोकांविषयी. उपवासाला शिजवलेले नेहमीचे अन्न वर्ज्य, म्हणून फळे आणि कंदमुळे, हा फलाहाराचा मूळ अर्थ होय. पुढे त्यात वऱ्याचे तांदूळ, साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा असे एकेक पदार्थ येत गेले आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणण्याइतके ताट भरले. या वाटचालीत फळे मागे पडली आणि ‘जेवणाव्यतिरिक्तचे खाणे’ हा अर्थ पुढे आला. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर पहाटे जे खातात ते जेवण नव्हेच, त्यामुळे त्यालाही फराळ म्हणण्यात कोणाला विसंगती वाटली नाही. गुजरातीत मात्र ‘फराळी’ हा शब्द उपवासाशीच बांधलेला राहिला, आणि त्याचा परिणाम आपल्याकडच्या दुकानांतही दिसतो. ‘फराळी चिवडा’ अशी चिठ्ठी लावलेल्या पुडीत बटाट्याच्या किसाचा, उपवासाला चालणारा चिवडा असतो. ‘फराळाचा चिवडा’ म्हटले की तो दिवाळीचा, पोह्यांचा. एका प्रत्ययाने पदार्थ बदलावा याचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन मान्य आहे, परंतु ‘करणे’ की ‘बनवणे’ एवढ्यावर ही चर्चा थांबवणे मला अपुरे वाटते, कारण ज्या घरात फराळाचे खरोखर केले जाते तेथे ही दोन्ही क्रियापदे फारशी ऐकू येत नाहीत. तेथे प्रत्येक पदार्थाचे आपले क्रियापद असते. लाडू वळतात किंवा बांधतात, कडबोळी वळतात, चकली आणि शेव पाडतात, अनारसे थापतात, शंकरपाळे कापतात, चिवडा परततात, आणि बर्फी ताटात थापून झाल्यावर तिच्या वड्या पाडतात. यांतील शेवटचे ‘पाडणे’ आणि शेवेचे ‘पाडणे’ ही एकाच क्रियापदाची दोन निरनिराळी कामे आहेत. शेव सोऱ्यातून कढईत वरून पडते, म्हणून ती पाडायची. वड्यांचे ‘पाडणे’ मात्र ‘तुकडे पाडणे’ यातले, म्हणजे सुरीने रेघा मारून भाग करणे. चकली आणि कडबोळे यांचे पीठ जवळपास सारखे असूनही क्रियापदे वेगळी आहेत, कारण चकलीला सोऱ्या लागतो आणि कडबोळे बोटांनी वळावे लागते. क्रियापद पदार्थाला चिकटलेले नसून ते हाताच्या हालचालीला चिकटलेले आहे.

करंजीपाशी हे सर्वाधिक स्पष्ट होते, कारण करंजी हे एकट्याने करण्याचे काम नव्हे. दुधात भिजवलेले रवा-मैद्याचे पीठ कुटायला हाताला जोर असलेले कोणीतरी लागते. ते मऊ झाले की एक जण लाट्या करतो, दुसरा त्यांच्या पाऱ्या लाटतो, तिसरा सारण भरून कडा मिटतो, चौथा कातण, म्हणजे कडा कापायचे दातेरी चाक, फिरवतो, आणि झालेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली झाकून तळणाऱ्याकडे सरकवण्याचे काम घरातील सर्वांत लहान मुलाकडे येते. त्यामुळे अशा घरात ‘तू काय करतेस?’ या प्रश्नाला ‘करंज्या’ हे उत्तर अपुरे पडते. ‘मी लाटते आहे’ किंवा ‘मी भरते आहे’ असेच सांगावे लागते. सारणात साखर जास्त झाल्याचा दोष लाटणाऱ्यावर येत नाही आणि पारी जाड राहिल्याचा भरणाऱ्यावर येत नाही, हाही या काटेकोरपणाचा एक फायदा समजावा. ‘लाटी’ आणि ‘पारी’ हे शब्द अनेक जण एकमेकांच्या जागी वापरतात, म्हणून सांगतो: लाटण्यापूर्वीचा छोटा गोळा ती लाटी आणि सारण भरण्यासाठी तयार झालेले पातळ आवरण ती पारी. मोदकाचीही पारीच असते, ती लाटलेली नसून बोटांनी केलेली असली तरी.

आपल्या सूचनेत म्हणूनच ‘बनवू’ आणि ‘करू’ ही दोन्ही क्रियापदे टाळून ‘चकल्या पाडायला, लाडू वळायला आणि करंज्या भरायला या’ असे लिहावे. येणाऱ्याला कामही कळेल आणि काकांची शंकाही उरणार नाही.

उपप्रश्न

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. सासूबाईंना दोन्ही वाचून दाखवली. ‘फराळाचे’ हा शब्द ऐकून त्यांनी मान डोलावली आणि लगेच मला आणखी दोन शब्द विचारायला सांगितले. त्या ‘पहिला घाणा’ आणि ‘अनारसे हसले’ असे म्हणतात. घाणा म्हणजे तेल काढायचा ना? आणि अनारसे हसतात कशाला?

तिसरा प्रतिसाद

ताई, घाणा तोच. घाण्यात एका वेळी जेवढा माल घालतात त्यालाही घाणा म्हणतात, आणि त्यावरून एका वेळी कढईत सोडलेल्या करंज्या किंवा चकल्या यांनाही घाणा हाच शब्द लागू झाला. तेलाच्या घाण्याचा आणि तळणीच्या तेलाचा संबंध लावण्याचा मोह येथे होतो, परंतु तो योगायोग आहे. दळण-कांडणातही हा शब्द चालतो आणि लग्नापूर्वी ‘घाणा भरण्याचा’ जो विधी असतो त्यात तेल काढत नाहीत. पहिल्या घाण्यातील पदार्थ देवापुढे ठेवण्याची रीत अनेक घरांत आहे. तोच घाणा परीक्षेचाही असतो, कारण मोहन, म्हणजे पीठ भिजवताना घातलेले गरम तेल किंवा तूप, कमी पडले की जास्त झाले हे त्यातच कळते.

‘हसणे’ हा या सर्व शब्दांमध्ये मला सर्वाधिक आवडणारा प्रयोग आहे. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, निथळून ओलसर असतानाच कुटतात आणि त्या पिठात गूळ मिसळून गोळा मुरायला ठेवतात. गूळ अधिक झाला किंवा पीठ सैल राहिले, तर खसखशीवर थापलेला अनारसा तुपात सोडताच पसरतो आणि फुटून विरघळू लागतो. यालाच अनारसा हसला असे म्हणतात. तळताना तोंड उघडलेली करंजीही काही घरांत ‘हसते’. माझ्या समजुतीप्रमाणे तोंड फाकणे हा दोन्हींतील समान धागा आहे. त्याखेरीज, सणाच्या कामात ‘बिघडले’, ‘वाया गेले’ असे अशुभ वाटणारे बोलणे टाळण्याची वृत्तीही त्यामागे असणार. हसणारा अनारसा आवरायचा असेल तर गोळ्यात थोडी तांदळाची पिठी मळावी, हे शब्दचर्चेच्या कक्षेबाहेरचे असले तरी सासूबाईंना सांगावे. त्यांना ते ठाऊक असेलच.

चौथा प्रतिसाद

मी गोव्याचा असल्याने एक भर घालतो. आमच्याकडे करंजीला ‘नेवरी’ म्हणतात, अनेकवचनी ‘नेवऱ्यो’, आणि तिचा मुख्य सण दिवाळी नसून चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी होय. नरकचतुर्दशीच्या सकाळी आमच्या घरांत फोव असतात, म्हणजे पोहेच. पण दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले असे एकाच दिवशी अनेक प्रकारचे. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे ‘कुसवार’मध्येही, म्हणजे नाताळच्या फराळातही, नेवऱ्यो असतात आणि त्यांच्यासोबत कुलकुले. काट्याच्या किंवा स्वच्छ फणीच्या दातांवर पिठाची छोटी गोळी दाबून गुंडाळली की शिंपल्यासारखा आकार येतो, आणि शेकडो कुलकुले करायची असल्यामुळे त्यासाठी सगळे घर टेबलाभोवती बसते.

माझा एक प्रश्न आहे. मराठीत ‘करंजी’ आणि ‘कानवला’ हे एकच की दोन?

दुसऱ्या प्रतिसादकाचे उत्तर

घराघरांत याची वेगवेगळी उत्तरे मिळतील. करंजाच्या शेंगेच्या आकारावरून करंजी, अशी व्युत्पत्ती सांगतात. कन्नडमधील ‘कर्जिकायि’ या नावातही ‘कायि’, म्हणजे कच्चे फळ, आहे, ही गोष्ट तिला पोषक ठरते. काही ठिकाणी कानवला हा करंजीचा निव्वळ पर्याय आहे. जेथे भेद पाळतात तेथे तो बहुधा कडेवरून ठरतो: कातणाने कापलेली ती करंजी आणि हाताने कड दुमडत नेऊन मुरड घातलेला तो कानवला. गौरी निघताना अनेक घरांत मुरडीच्या कानवल्यांचाच नैवेद्य लागतो. ‘मुरडणे’ म्हणजे मागे वळणे, तेव्हा गौरीने पुन्हा मुरडून यावे, असा त्यामागील भाव सांगितला जातो. सासरी निघालेल्या मुलीसोबत कानवले देतात तेही त्याच अर्थाने. कातणाने कापलेल्या करंजीला हा अर्थ चिकटू शकत नाही. त्यामुळे या घरांत दिवाळीला कातणाच्या करंज्या चालल्या तरी पाठवणीला चालत नाहीत, आणि मुरड घालता येणारी एक तरी व्यक्ती घरात असावी लागते. आपल्या नेवऱ्योंना मुरड असते की त्या कापतात, हे आपण सांगितल्यास पुढे लिहिता येईल.