मदत हवी आहे: पॅसिव्ह व्हॉल्यूमबरोबर कोणता अँप घेऊ?

निषाद: प्रीअँप (अँपच्या आधीचा टप्पा) काढून पॅसिव्ह व्हॉल्यूमची पेटी लावली, म्हणजे वीज न लागणारी, नुसता आवाज कमी करणारी. पूर्ण उघडला तर आवाज स्वच्छ, जरा खाली आणला की झांजा मंद, तंबोऱ्याची जवारी गायब. अँप बदलायचाच आहे, फक्त कोणता ते सांगा. प्लीज लवकर.

सोल्डरवाला: पेटीतला पॉट (व्हॉल्यूमचा बदलता रेझिस्टर) किती के, म्हणजे किलोओहम? अँपचा इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध)? पेटीपासून अँपपर्यंत वायर किती लांब?

व्हॉल्व्हप्रेमी: पॅसिव्ह नकोच. मी व्हॉल्व्हचा बफर (सिग्नलला ताकद देणारा मधला टप्पा) लावला आणि आवाजात जीव आला.

निषाद: मी अँप विचारलाय, बफर नाही. पॉट १०० के, अँप ४७ के.

जुनीकॅसेट: खरखर असेल तर पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. दोनदा फिरवला की मोकळा होतो.

निषाद: खरखर नाहीये! वायर ५ मीटर, पेटी खुर्चीपाशी ठेवतो.

सोल्डरवाला: मग सापडलं. आवाज ६ डीबी खाली असतो तेव्हा पॉटचा आउटपुट इम्पीडन्स सगळ्यात जास्त, एकूण किमतीच्या पाव. म्हणजे २५ के. वायरची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता, हीच वरचे सूर खाते) मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरली तर ५ मीटरची ५००. दोन्ही मिळून, अँपचा भार न धरता, १३ किलोहर्ट्झच्या आसपासच ३ डीबी पडतात. शिवाय २५ के समोर ४७ के चा अँप म्हणजे आवाजही उगाच पावणेचार डीबी कमी. अँप बदलून वरचे सूर परत येणार नाहीत. १० के चा लॉग पॉट (कानाला एकसारखा वाढत जाणारा वाटेल असा) घाला, तेच २५ के अडीचवर येतात.

व्हॉल्व्हप्रेमी: १० के सरसकट सांगू नका. व्हॉल्व्हचा सोर्स (सिग्नल देणारं यंत्र) असेल तर त्याला तेवढा भार झेपत नाही, बास गळतो.

सोल्डरवाला: बरोबर, म्हणून सोर्स काय ते विचारायचं राहिलं. निषाद?

निषाद: डॅक (डिजिटलचा ॲनालॉग सिग्नल करणारा), २ व्होल्ट, आउटपुट १०० ओहम.

सोल्डरवाला: मग १० के बिनधास्त. गेनचीही काळजी नको. २६ डीबीचा अँप २० पट करतो, ८ ओहमवर १०० वॅटला १.४ व्होल्ट पुरतात. पॉट येईपर्यंत पेटी अँपला चिकटवून ठेवा, लांब वायर डॅककडे घ्या. डॅक ती सहज ओढेल.

निवांत: एवढं कशाला? डॅकमध्येच डिजिटल व्हॉल्यूम असेल की.

सोल्डरवाला: असेलही, पण पेटी ठेवायची त्यांनी ठरवलीय.

निषाद: पेटी अँपपाशी नेली. झांजा परत आल्या, खरंच! अँप राहू दे. पण अगदी हळू आवाजात डावी बाजू जास्त वाजते, हे आधीपासूनच आहे. १० के ने जाईल?

सोल्डरवाला: नाही. दुहेरी पॉटच्या दोन पट्ट्या तळाशी तंतोतंत जुळत नाहीत, लॉगमध्ये हे नेहमीचंच. रोज हळूच ऐकत असाल तर रेझिस्टरवाला स्टेप्ड अॅटेन्युएटर (टप्प्याटप्प्याने आवाज कमी करणारा स्विच) घ्या, तोही १० के चाच.

जुनीकॅसेट: स्पीकर कोणते आहेत?