काळी एक, भैरवी आणि डिस्टॉर्शन: सूफी रॉक बसवताना शब्द बुडू नयेत म्हणून काय करावं?

मांडवीकाठ (रत्नागिरी):
नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम, ढोलक आणि गायकाच्या हातात हार्मोनियम असा आमचा पाच जणांचा संच आहे. धाटणी 'जुनून' या पाकिस्तानी बँडची आवडते, पण त्यांची गाणी वाजवायची नाहीत. पंजाबी सूफी कवी बुल्ले शाहच्या काफीला (ध्रुवपद असलेल्या सूफी गीताला) भैरवीच्या अंगाने स्वतःची चाल लावली आहे. पट्टी काळी एक, म्हणजे सा = सी शार्प. अडचणी तीन: गिटार चढली की शब्द ऐकूच येत नाहीत, काही कॉर्ड गायकाच्या सुराला टोचतात, आणि किक (ड्रमचा पायाने वाजणारा मोठा ढोल) नि ढोलक एकमेकांत कालवले जातात. डिसेंबरात किनाऱ्यालगत उघड्यावर कार्यक्रम आहे.

सहावी_तार:
आधी ट्यूनिंग बदला. सगळ्या तारा अर्धा सूर खाली आणा आणि सहावी तार आणखी एक पूर्ण सूर उतरवा. आता सहावी, पाचवी, चौथी मोकळी छेडली की सा-प-सा मिळतो, तोही काळी एकचाच. तानपुऱ्याचं काम गिटारच करते आणि रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) मोकळ्या तारांवर बसतो. 9 चा (पातळ तारांचा) संच मात्र इतका खाली लोळतो, 11–54 (जाड) चढवा. जाड तारांनी मान वाकते, म्हणून ट्रस रॉड (मानेतली सळई) आणि इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर जुळणं) पुन्हा लावून घ्या.

हार्मोनियम जागेवर सूर बदलू शकत नाही, तेव्हा गिटारनेच तिच्याकडे जायचं. काळी एक दाबून ट्यूनरवर पाहा. पेटी 10 सेंट (अर्ध्या सुराचा दहावा भाग) चढी असेल तर ट्यूनर 440 ऐवजी 442.5 च्या आसपास ठेवा आणि बेसलाही तोच आकडा द्या.

टोचणारा कॉर्ड बहुतेक जी शार्प मेजर किंवा सेव्हन्थ असणार. पाश्चात्त्य सवयीने सा वर परतताना हात तिकडेच जातो, पण त्यात शुद्ध नी आहे आणि गायक कोमल नी लावतोय. भैरवीत परतायचं तर कोमल रे वरून, म्हणजे डी मेजरवरून सी शार्प मायनरवर. बी मायनर, ए मेजर, एफ शार्प मायनर हेही सुरात बसतात. गायक मध्येच शुद्ध रे घेत असेल तर त्या ओळीखाली डी अजिबात नको, नुसता सा-प ठेवा. आणि डिस्टॉर्शन चालू असताना कुठलाच पूर्ण कॉर्ड नको. कॉर्डचा गंधार (तिसरा सूर) मिसळला की सगळा चिखल होतो. गेन (डिस्टॉर्शनचा जोर) एरवीच्या निम्मा करा. पाचही वाद्यं एकत्र वाजताना तो पुरेसा जाड वाटतो.

ठेका_आणि_ठोका:
किक-ढोलकाचा घोळ मिक्सरवर जाण्याआधी वादनातच सोडवा. केरवा म्हणजे आठ मात्रा: धा गे न ती, न क धि न; रॉकचा एक बीट दोन मात्रांचा. पाचवी मात्रा 'खाली', तिथे ढोलकाचा घुमारा नसतो. रॉक ड्रमर सवयीने तिसऱ्या बीटला किक हाणतो, ती नेमकी या 'खाली'वर पडते आणि ठेक्याचा डौलच मरतो. अंतऱ्यात किक फक्त समेवर ठेवा. स्नेअर तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर येतो. सातवीवर ढोलकाचा 'धि' उघडा असतो, म्हणून तिथे रिमवर हलकी काठी पुरे. ध्रुवपदात पूर्ण बीट सोडा, तिथे ती शोभते.

मग मिक्सर. ढोलकाला दोन माइक, जाड बाजूचा चारेक बोटं दूर. एका चॅनलची पोलॅरिटी उलटी करून पाहा. ज्या स्थितीत घुमारा भरतो ती खरी. ढोलक 90 हर्ट्झच्या खाली कापा, किकला 60 च्या आसपासची जागा द्या. गिटार 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये 3 डेसिबल उतरवा. शब्दांची व्यंजनं तिथेच असतात.

डिसेंबरात संध्याकाळनंतर दंव पडतं आणि चामडं उतरतं. नट-बोल्टचा ढोलक घ्या, अर्धा तास आधी उघडा आणि समोरासमोरचे बोल्ट पाव-पाव फेऱ्याने आवळा. हॅलोजनखाली तापवून सूर चढतो खरा, पण दिव्यापासून दूर गेला की पुन्हा बसतो.

काफी_ते_अभंग:
बुल्ले शाह (1680–1757) पंजाबीत लिहितात, उर्दूत नव्हे. आपल्याकडचे गायक ते उर्दूच्या वळणाने म्हणतात आणि पंजाबीचा बाज जातो. 'घर' मधला घ पंजाबीत क कडे झुकतो आणि सूर खाली दबतो. एकेक ओळ मूळ पंजाबी गायकाकडून ऐकून बसवा.

काफीत ध्रुवपद प्रत्येक अंतऱ्यानंतर परत येतं. रिफ तिथेच बांधा. अंतऱ्याच्या ओळीवर गिटारने सुरावट वाजवायची नाही. ओळ संपल्यावर उत्तर द्यायचं. 'जुनून'चा 1999 चा 'परवाज' याच कवीच्या काव्यावर उभा आहे, तो एकदा केवळ गिटार कुठे थांबते एवढ्यासाठी ऐका.

एक आग्रहाची सूचना: श्रीगोंद्याचे शेख महंमद, 'योगसंग्राम'चे कर्ते, यांचे अभंग घ्या. रत्नागिरीच्या श्रोत्याला अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. शेवटी दोन अक्षरांची जागा उरते, गिटारची उठावण तिथे चपखल बसते. भजनी ठेकाही आठच मात्रांचा, त्यामुळे ड्रमरला नवं काही शिकावं लागत नाही.

मांडवीकाठ:
खालीवरची किक, अगदी हेच होत होतं! अभंगाची कल्पना उत्तम. जनरेटरवर घरघर येते त्याचं काय?

सहावी_तार:
अँप, मिक्सर, पेडल सगळं एकाच फेजवर आणि एकाच अर्थिंगवर घ्या. रोषणाईची लाइन वेगळी. घरघर जावी म्हणून अर्थची पिन काढायची नाही, कधीच नाही. डीआय बॉक्सवरचं (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्ट वापरा. गायक माइकला ओठ लावण्याआधी मल्टिमीटर एसीवर ठेवून गिटारची तार आणि माइकची जाळी यांमध्ये मोजा. एक-दोन व्होल्टच्या वर काही दिसलं तर वाजवणं थांबवून आधी वायरमनला बोलवा.

वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने खालूनही पुसा, खारा वारा तिथेच धरतो. केसमध्ये सिलिका जेलची पुडी असू द्या. पेटीचा भाता बंद करून ती कापडात गुंडाळा, नाहीतर आतल्या रीड खराब होऊन सूर उतरतो. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद होतात, तेव्हा साउंड चेक चारलाच उरका.