पिक्चरनंतरच्या गप्पा: सामाजिक न्याय की वीकेंडचा टाइमपास?

इंदोऱ्याचा
माझं मत आधीच लिहून टाकतो, म्हणजे शिव्या घालणाऱ्यांना सोपं जाईल. नागपुरात आजकाल 'दिग्दर्शकाशी गप्पा', 'लेखिका आपल्या भेटीला' असले कार्यक्रम वाढलेत, विषय बहुतेक जात, सफाई कामगार, विस्थापन, बायांवरचे अत्याचार. चांगलंच आहे, मी स्वतः जातो. पण ज्याच्यावर फिल्म काढली त्याला स्टेजवर बसून दिग्दर्शकाच्या तोंडावर "हे असं नव्हतं" म्हणता येत नसेल, तर त्याला सामाजिक न्याय वगैरे म्हणू नका राजेहो, पिक्चरनंतरची चहा-बिस्किटं म्हणा.

हे कशावरून म्हणून राहिलो तर मागच्या शनिवारी सिव्हिल लाइन्समधल्या एका हॉलात सेप्टिक टँक आणि गटारं साफ करणाऱ्यांवरची डॉक्युमेंटरी दाखवली, दिग्दर्शिका आली होती आणि फिल्ममधला एक कामगारही. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी त्याला विचारलं, स्वतःला पडद्यावर पाहून कसं वाटलं? तो म्हणाला, "चांगलं वाटलं म्याडम. पन ते हातमोजे शूटिंगच्या दिवशीचे आहेत, एरवी आमाले भेटत नाही." दोन-चार जण हसले, मग कोणी बोलेना. दिग्दर्शिका काहीतरी सांगायला निघाली तर बाई म्हणे "आपल्याकडे वेळ कमी आहे", आणि पुढचा प्रश्न काय, तर कॅमेरा हातात धरून का शूट केलं! मग शेवटपर्यंत तेच, लेन्स, प्रकाश, इराणी सिनेमा.

अरे पण मोजे कोणी दिले, ठेकेदारानं की युनिटनं, आणि एरवी काऊन मिळत नाही, हाच तर सगळा विषय होता ना बे! २०१३ चा कायदा आहे, सुरक्षेची साधनं दिल्याशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा आहे. २०१४ मधे सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या म्हणून सांगितलं, ऑक्टोबर २०२३ मधे ते ३० लाख केले. हे त्या हॉलात एकानंही काढलं नाही, आणि पुढच्या रांगेत दोन वकील बसले होते, मी ओळखतो त्यांना.

धरमपेठी
मी होतो त्या कार्यक्रमाला. मुलाखत ढिसाळ झाली हे मान्य. पण तुम्हाला प्रत्येक ठिकाणी जनसुनावणी का पाहिजे? दिग्दर्शिका आहे ती, लेबर ऑफिसर नाही. कॅमेऱ्यावर बोलणं म्हणजे विषय टाळणं हे तर अजिबातच पटत नाही. 'कोर्ट' आठवा, २०१४ चा, शाहिरावरच्या खटल्याचा पिक्चर. त्यात अन्याय कोणी ओरडून सांगतो का? कॅमेरा लांब नुसता उभा आहे, तारखांवर तारखा पडून राहिल्यात आणि आपल्याला कंटाळा येतो, तो कंटाळाच त्या शाहिराची शिक्षा आहे. हे समजायला कॅमेरा कुठं ठेवलाय त्यावर बोलावंच लागतं. नुसता विषय चांगला म्हणून पिक्चर चांगला म्हणायचा असेल तर सरकारी जाहिराती सगळ्यात भारी.

उत्तर नागपूर एक्स्प्रेस
कोर्टचं नाव काढलंच आहे तर पूर्ण बोला भाऊ. त्यातला शाहीर नारायण कांबळे, म्हणजे वीरा साथीदार, आपल्या नागपूरचे. चळवळीतला माणूस, 'विद्रोही' मासिकाचे संपादक, पोस्टर लावण्यापासून भाषणापर्यंत सगळं केलेला. पण सिव्हिल लाइन्सला ते कळले कधी, तर पिक्चरला राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्यावर. मग सत्कार, मग मुलाखती, आणि प्रश्न काय तर "अभिनयाचा अनुभव कसा होता". २०२१ च्या एप्रिलमधे कोरोनात गेले तर तेव्हाही बातमी 'कोर्टफेम अभिनेते' म्हणूनच. आता हे सिनेमाचं यश म्हणायचं की आपलं अपयश, तुम्हीच ठरवा.

धरमपेठी
यशच. पिक्चर नसता तर तेवढंही झालं नसतं.

पडद्यामागचा
मी साउंडचं काम करतो, असल्या दोन-चार डॉक्युमेंटरींवर होतो (ही नाही), म्हणून थोडं लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या. मोज्यांचं पाहा, युनिटनं दिले नसते तर तुम्हीच इथं धागा काढला असता की फिल्मवाल्यांनी शॉटसाठी माणूस उघड्या हातानं घाणीत उतरवला. आणि दिले तर म्हणता खोटं दाखवलं. खरा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. तो तसाही उतरणारच होता म्हणून आपण शूट केलं, की आपण कॅमेरा घेऊन उभे आहोत म्हणून तो त्या दिवशी उतरला? सेटवर यावर भांडणं होतात, खरीखुरी. आतला गॅस निघून जावा म्हणून चेंबरचं झाकण काढून तासभर वारा लागू देतात, गॅस उरला का ते कोणी काडी पेटवून पाहतो, कोणी दोरीला कंदील बांधून सोडतो, आणि आपण बाजूला हेडफोन लावून लेव्हल चेक करून राहिलो असतो. त्या वेळी दिग्दर्शकानं 'नको, राहू द्या' म्हटलं तर त्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणायचं का नाही?

आणि सिव्हिल लाइन्समधेच का, तर तिथं हॉल मिळाला म्हणून. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे जाहीर दाखवायला सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, छोट्या डॉक्युमेंटरीकडे ते बहुतेक वेळा नसतं, मग ओळखीनं, खाजगी म्हणून, आमंत्रितांपुरतं असं करत करत दाखवतात. वस्तीत मोकळ्या मैदानावर पडदा लावला की पहिला प्रश्न परवानगी कुठंय. दिग्दर्शिकेला मानधन काय मिळालं असेल सांगू का? शाल, श्रीफळ आणि स्लीपर क्लासचं तिकीट.

इंदोऱ्याचा
@पडद्यामागचा, तुम्ही आत्ता जे लिहिलं ना, वारा लागू देणं, काडी, ते भांडण, हेच मला शनिवारी ऐकायचं होतं! ती सांगायलाच निघाली होती. मी दिग्दर्शिकेला खोटारडी म्हणतच नाहीये, मी तिला बोलू न देणाऱ्यांना धरून राहिलो. तिला पण माइक पाहिजे होता आणि त्यालाही, समोरासमोर.

@धरमपेठी, कॅमेऱ्याची चर्चा हवीच. मोजे कॅमेऱ्यात कसे आले हीच कॅमेऱ्याची चर्चा.

बर्डीची पुस्तकवाली
तुम्ही सगळे हॉलमधेच अडकलात बाप्पा. मी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर दरवर्षी पुस्तकांचा स्टॉल लावते. तिथं लेखक स्वतः आपल्या गठ्ठ्याजवळ उभे असतात, पाऊस आला की तेच ताडपत्री ओढतात. परभणीकडून, नांदेडकडून आलेली बाई, डोक्यावर पिशवी, पोरगं कडेवर, पुस्तक उघडून उभ्या उभ्या दोन पानं वाचते आणि लेखकाला म्हणते, "आमच्या गावात असं नव्हतं बरं का, आमच्यात बायाच पहिल्यांदा बोलल्या होत्या." लेखक वाद घालतो, बाई ऐकत नाही, शेवटी किंमत कमी करून घेऊन पुस्तक नेते. सूत्रसंचालक नाही की आभारप्रदर्शन नाही. १९५६ पासून लोक येऊन राहिले इथं आणि तुम्हाला लेखकांशी संवाद म्हणजे एसी हॉल आठवतो!

आणि बर्डीवर खरेदीला येणाऱ्यांना विचारा बरं, वसंत मून यांचं 'वस्ती' वाचलं का. १९९५ चं पुस्तक, याच सीताबर्डीच्या महारपुऱ्यातलं त्यांचं लहानपण, पोट्ट्यांचे आखाडे, समता सैनिक दल, बाबासाहेबांची सभा, सगळं. नाव माहीत नसतं लोकांना. न्याय-बिय नंतर, आधी आपल्या पायाखाली काय होतं ते तरी वाचा.

धरमपेठी
दीक्षाभूमीचं मान्य, पण तिथं एकाच विचाराचे लोक असतात. मुद्दा वेगळ्या विचाराच्या माणसाशी बोलण्याचा आहे. आणि तिथं आपले लोक दार लावून घेतात. २०२१ च्या जानेवारीत कवी यशवंत मनोहरांनी विदर्भ साहित्य संघाचा पुरस्कार नाकारला, मंचावर सरस्वतीची प्रतिमा असणार म्हणून. त्यांच्या भूमिकेचा आदर आहे, पण मी म्हणतो, जायचं होतं, पुरस्कार घ्यायचा होता आणि त्याच मंचावरून सगळ्यांना ऐकवायचं होतं. संवाद झाला असता.

बर्डीची पुस्तकवाली
म्हणजे आधी हात जोडून फोटो काढू द्यायचा आणि मग दहा मिनिटं विरोध करायचा, तो पण आभाराच्या आधी आटोपता? त्या नकारावर जेवढं लोक बोलले तेवढं कोणत्या सत्कारावर बोलले ते सांगा. दार त्यांनी लावलं नाही, दाराची चौकट बदला म्हणाले, ती बदलली नाही.

उत्तर नागपूर एक्स्प्रेस
+१. आणि एकाच विचाराचे लोक असले की वाद होत नाही हे कोणी सांगितलं? 'जय भीम कॉम्रेड' वस्त्यांमधे दाखवली तेव्हाचं आठवा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाईनगरात पोलिसांनी गोळीबार केला, १० जण गेले, तिथून सुरू झालेली ती फिल्म १४ वर्षांनी २०११ मधे पूर्ण झाली. तीन तासांच्या वर आहे. समोर बसलेल्यांना ती गोष्ट दिग्दर्शकापेक्षा जास्त माहीत असते, तिथं थातूरमातूर चालत नाही. आमच्याकडे एका विहाराच्या हॉलमधे पाहिली होती आम्ही, कम्युनिस्ट आणि आंबेडकरी यावरून जे जुंपलं ते लाइट गेले तरी थांबलं नाही.

ऐवजदाराची पोरगी
मी फक्त वाचून राहिली होती पण आता लिहितेच. बाबा माझे ऐवजदार होते, म्हणजे महापालिकेचे बदलीवरचे सफाई कामगार, लय वर्षांनी परमनंट झाले. त्यांच्यानंतर भावाला लाड-पागे समितीच्या शिफारशीनं वारसा हक्काची नोकरी लागली, म्हणजे बापाचा झाडू पोराच्या हातात आणि घरात पेढे. त्या पेढ्यांना तुम्ही न्याय म्हणा की अन्याय, त्या पगारावर मी एमए केलं. यावर कोणी फिल्म काढत नाही कारण यात कोण बिचारा आणि कोण व्हिलन ते पटकन सांगता येत नाही.

आता @इंदोऱ्याचा, तुमची ती स्टेजवर "हे असं नव्हतं" म्हणायची मुभा. तो माणूस स्टेजवर मोज्यांचं बोलला, तुम्हाला भारी वाटलं. तो ठेक्यावर असेल तर सोमवारी ठेकेदारानं "लय बोलायले लागला तू" म्हणून गेटवरून परत पाठवला तर? कोणीतरी त्याचा व्हिडिओ टाकलाच असेल इन्स्टावर. दिग्दर्शिका मुंबईला गेली, तुम्ही घरी गेले, बाई म्हणे वेळ कमी आहे, एका अर्थानं तिनंच त्याला वाचवलं की काय असं मला वाटून गेलं.

आणि वस्तीत दाखवा, वस्तीत दाखवा, कायले? आमच्याकडे 'झुंड' पोट्ट्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला, नागपुरात शूट झालेला, त्यातले पोरं आपले, बोली आपली, हसू आहे, फुटबॉल आहे. मैल्यावरची फिल्म रविवारी आम्ही काऊन पाहावी? आठवडाभर तेच पाहतो. ते धरमपेठेतच दाखवा. ज्यांच्या घरचे टँक भरतात त्यांनी पाहायचं ते.

पडद्यामागचा
ताई, ही कमेंट मी सेव्ह करून ठेवली. व्हिडिओचं अगदी बरोबर. शूटिंगच्या आधी संमतीच्या कागदावर सही घेतात, पण ती फिल्मपुरती. नंतरच्या कार्यक्रमात तो काय बोलला, कोणी रेकॉर्ड केलं, त्याची सही कोण घेतं? कोणीच नाही.

तर्रीबाज
धागा लय सिरीयस झाला. पण एक विचारू का, तो कामगार आला कसा? ऑटोचे पैसे कोणी दिले?

इंदोऱ्याचा
@ऐवजदाराची पोरगी, मुभा म्हणजे सक्ती नाही ना. पण रोजीचं तुमचं खरं आहे, आणि म्हणूनच म्हणतो की त्याला एकट्याला 'पाहुणा' म्हणून बसवू नका. युनियनचा माणूस बाजूला पाहिजे, ज्याला ठेकेदार गेटवरून परत पाठवू शकत नाही. मोबाइल बंद. दिग्दर्शिकेला जेवढं मानधन तेवढंच त्याला, शाल नको, रोख. पण तुमचं शेवटचं मला मान्य नाही. वस्तीत दाखवू नका म्हटलं तर मग त्या फिल्मची चूक काढणार कोण? धरमपेठेत मोजे पाहून कोणाला शंका येणार आहे? तिथं सगळे हळहळणार आणि घरी जाऊन टँकवाल्याशी दोनशे रुपयांसाठी घासाघीस करणार.

धरमपेठी
सरसकट बोलू नका, आमच्याकडे मशीन येतं. आणि एवढ्या अटी घातल्या की कार्यक्रमच होणार नाहीत, इंडिपेंडंट लोक नागपूर सोडून पुण्या-मुंबईतच दाखवतील. अर्धवट संवाद झाला तरी चालेल, पण झाला पाहिजे या मताचा मी आहे. तुमच्याच शनिवारचं घ्या, मुलाखत घेणाऱ्या बाई नसत्या, हॉल नसता, तर मोज्यांचं वाक्य तुमच्या कानावर तरी आलं असतं का?

इंदोऱ्याचा
आलं असतं, तो आमच्याच लायनीत राहतो. पण तुमच्या कानावर आलं नसतं, हे कबूल.

ऐवजदाराची पोरगी
आधी हजेरीचे पैसे, मग माइक, एवढंच माझं म्हणणं. फिल्म कुठं दाखवता ते तुम्ही भांडून ठरवा. आणि कार्यक्रम सकाळी ठेवू नका, पहाटेची हजेरी असते, दुपारी माणूस घरी येऊन आंघोळ करून जेवतो. चारच्या पुढं ठेवा.

तर्रीबाज
चारला धरमपेठवाले उठले असतात का?

धरमपेठी
ते पुण्याचे. आम्ही चारला फुटाळा तलावावर असतो.