हजार किलोमीटरची बॅटरी नेमकी हवीय कुणाला?

चाकबंद_पुणेकर (धागाकर्ता)

सॉलिड स्टेट बॅटरी (आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेली) येतेय, येतेय म्हणून कान किटले. टोयोटाने २०१७ मध्ये सांगितलं, २०२० नंतर लगेच आणतो. मग २०२३ मध्ये म्हणाले २०२७-२८, आणि एका चार्जमध्ये हजार किमीच्या पुढे. साखरपुडा झालाय, मुहूर्त तेवढा दरवर्षी पुढे जातोय.

माझा मुद्दा वेगळाच आहे. ती आली तरी आपलं दुखणं तसंच राहणार. तीन वर्षं इलेक्ट्रिक गाडी चालवतोय. कागदावर साडेचारशे किमी, हायवेला एसी लावून तीनशे. गेल्या दिवाळीत नागपूरला निघालो. वाटेत एका हॉटेलच्या आवारात दोन गनचा (गाडीत खुपसायच्या प्लगचा) चार्जर. एक गन बंद, दुसरीपुढे तीन गाड्या. बायको-पोरांनी दोन वेळा चहा घेतला, भजी झाली, तरी नंबर येईना. तेव्हा कंपन्यांनो, रेंज वाढवणं सोडा, आधी चालू असलेले चार्जर द्या. खरी चारशे किमी माणसाला पुष्कळ झाली.

वऱ्हाडी_ठेचा

पूर्ण असहमत. हजार किमीची गाडी असती तर भाऊ तुम्ही त्या हॉटेलात थांबलेच नसते! पुणे–नागपूर सातशेच्या आसपास, थेट वाड्यावर. तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जाते.

आणि चारशे पुष्कळ म्हणणं शहरातल्या माणसाला परवडते. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे. ८० च्या जागी १२० ने गेलं तर हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. त्या वेगात तुमचे चारशे किती उरतात ते मोजून पहा.

चाकबंद_पुणेकर

हा टोला मान्य. :) पण हजार किमीला दीडशे युनिटची बॅटरी लागेल. ती घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर भरायला पंचेचाळीस तास. रस्त्यावरच्या ३० किलोवॉटच्या चार्जरवर पाच तास. मग तुमच्या मागच्यांनी भजीचा गाडा टाकायचा का?

वऱ्हाडी_ठेचा

रोज रिकामी कोण करते? रोजची पन्नास किमी म्हणजे आठ युनिट, रात्रीतून आरामात. लांबच्या प्रवासाच्या आधी दोन रात्री लावून ठेवायची. पाण्याची टाकी मोठी बांधतो तेव्हा ती रोज तळापासून भरतो का आपण?

गंधकाम्ल

बॅटरीच्या कच्च्या मालात काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

‘ब्रेकथ्रू’ हा वर्तमानपत्री शब्द आहे. सोनीने सध्या वापरतो ती लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली १९९१ मध्ये, त्यामागच्या तिघांना नोबेल मिळालं २०१९ मध्ये. खरी क्रांती मधल्या काळात गुपचूप झाली: २०१० मध्ये एका युनिटच्या बॅटरीला हजार डॉलरहून जास्त पडत, २०२४ मध्ये सरासरी ११५ च्या घरात. यात चमत्कार एकही नाही. निकेल-कोबाल्ट टाळून लोह-फॉस्फेट वापरणं, आणि बीवायडी या चिनी कंपनीने २०२० मध्ये केलं तसं लांबट सेल मधली खोकी काढून थेट पॅकमध्ये रचणं, असली कामं.

सॉलिड स्टेट थापा नाहीत. मर्सिडीजच्या असल्या बॅटरीच्या प्रायोगिक गाडीने २०२५ मध्ये स्टुटगार्ट ते स्वीडनमधलं माल्मो, १२०५ किमी एका चार्जमध्ये केले, पोचल्यावर १३७ किमी शिल्लक. नीओ या चिनी गाडी कंपनीच्या प्रमुखांनी डिसेंबर २०२३ मध्ये अर्ध-घन बॅटरीवर १०४४ किमी गाडी हाकली होती. बॅटरी दीडशे युनिटचीच, पण वजन सहाशे किलोच्या आत. लोह-फॉस्फेटची तेवढी बॅटरी टनाच्या आसपास जाईल.

अडतंय कारखान्यात. द्रवाच्या जागी घन पदार्थ आला की लिथियम चार्ज होताना फुगतो, डिस्चार्जला आक्रसतो आणि दोन थरांमधला संपर्क सुटतो. भेगांमधून लिथियमचे बारीक काटे वाढतात, ते पलीकडे पोचले की शॉर्ट. त्यातला सल्फाइडवाला घन पदार्थ दमट हवेत हायड्रोजन सल्फाइड सोडतो. सडक्या अंड्याचा वास, आणि विषारी. म्हणून सगळं काम कोरड्या खोलीत. तिथली हवा कोरडी ठेवण्याचं वीजबिल पाहिलंत तर दर का उतरत नाही ते कळेल.

अवांतर: हा रोग जुना आहे. एडिसनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकेल-लोखंड बॅटरीचा मोठा गाजावाजा केला, सेल गळायला लागल्यावर त्या परत घ्याव्या लागल्या. सुधारलेली आली १९०९ मध्ये. तोवर फोर्डची पेट्रोलवरची मॉडेल टी रस्त्यावर होती.

बोरघाट_रिटर्न

मुंबई–पुणे भाड्याने गाडी चालवतो. मला हजार नको, हलकी गाडी द्या. खोपोलीहून लोणावळ्याला साडेपाचशे मीटर चढ. सव्वादोन टनांची गाडी नुसती वर उचलायलाच साडेतीन युनिट जातात. घाट चढताना आकडा असा घसरतो की नवीन पॅसेंजर घाबरून विचारतो, पोचणार ना? उतरताना बरंच परत येतं म्हणा. पण बॅटरी जितकी मोठी तितकं वजन, टायर लवकर जातात. टायर माझ्या खिशातून.

सचिव_नको_बाबा

आमच्या सोसायटीत चार्जरचा विषय तीन सर्वसाधारण सभा ‘पुढील सभेत’ आहे. बॅटरी चंद्रावरून आणा, एनओसी कुठून आणणार?

वऱ्हाडी_ठेचा

@सचिव, मग तुम्हाला तर मोठीच बॅटरी पाहिजे. रोजच्या पन्नास किमीला तीन आठवड्यांतून एकदा बाहेर भरायची. चारशेवाल्याला दर आठवड्याला रांग.

चाकबंद_पुणेकर

याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मग मोठ्या बॅटरीपेक्षा झटपट भरणारी का नको? बीवायडीने मार्च २०२५ मध्ये पाच मिनिटांत चारशे किमी दाखवलंय.

गंधकाम्ल

दाखवलंय, एक मेगावॉटवर, म्हणजे हजार किलोवॉट. गावाकडची १०० केव्हीएची डीपी (ट्रान्सफॉर्मर) आठवा, ती देते फार तर शंभर किलोवॉट. तशा दहा डीपी एका गाडीला. बॅटरी तयार आहे, महावितरणला विचारा.

बोरघाट_रिटर्न

डीपी जळाली की आमच्याकडे आठ-आठ दिवस बदलत नाहीत. दहा कुठल्या आणता!

चाकबंद_पुणेकर

बरं, भांडण चालू ठेवा. मला पुढच्या महिन्यात परत नागपूरला जायचंय. ती बंद गन सुरू झाली का, कुणी पाहिलंय का?

वऱ्हाडी_ठेचा

परवाच तिथून आलो. ती सुरू झाली. आता दुसरी बंद आहे.