होस्ट्स डॉट डिनाय अजून ठेवायची का?

कर्वेनगर_अ‍ॅडमिन: बाणेरच्या आमच्या छोट्या ऑफिसात एक डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर आहे, एसएसएच, म्हणजे लांबून सर्व्हरवर लॉगिन, कोणाला द्यायचं ते मी कित्येक वर्षं होस्ट्स डॉट डिनाय आणि होस्ट्स डॉट अलाऊ या दोन फायलींवर चालवतोय, डिनायमध्ये ऑल कोलन ऑल (सगळ्यांना बंदी) आणि अलाऊमध्ये फक्त ऑफिसचा स्टॅटिक आयपी. काल टीममधला नवीन मुलगा म्हणाला हे काढा, नुसतं फायरवॉल ठेवा. मला अजिबात पटलं नाही. वित्से व्हेनेमांनी टीसीपी रॅपर, म्हणजे या फायली वाचून कनेक्शन आत घ्यायचं की नाही ते ठरवणारा प्रोग्राम, १९९० मध्ये लिहिला, तेव्हापासून तीच साधी भाषा, फाईल सेव्ह केली की पुढच्या कनेक्शनपासून नियम लागू, रीस्टार्ट नको, आणि वर्षभराने उघडली तरी वाचून कळते. फायरवॉलचे, म्हणजे आयपीटेबल्सचे, चाळीस नियम कोण वाचत बसणार?

नळस्टॉप_२२: दादा, तुम्ही वाचताय हो, पण सर्व्हर वाचतोय का? ओपनएसएसएचने, म्हणजे एसएसएच चालवणाऱ्या प्रोग्रामनेच, आवृत्ती ६.७ मध्ये, म्हणजे २०१४ लाच, रॅपर काढला. डिस्ट्रोवाल्यांनी, म्हणजे लिनक्सचे प्रकार बनवणाऱ्यांनी, स्वतःचा पॅच मारून चालवला आणि रेड हॅटने आपल्या लिनक्सच्या आवृत्ती ८ पासून तोही बंद केला. आम्ही रेड हॅटसारख्याच सेंटओएस ७ वरून अल्मा ८ वर गेलो, दोन्ही फायली जशाच्या तशा उचलून ठेवल्या, एरर नाही वॉर्निंग नाही, आणि तीन आठवडे पोर्ट २२ (एसएसएचचं दार) सगळ्या जगाला उघडं. लॉगमध्ये रूटच्या नावाने पासवर्डचा मारा दिसला तेव्हा कुठे कळलं. त्या दिवसापासून माझा त्या फाईलवर विश्वास नाही.

कर्वेनगर_अ‍ॅडमिन: डेबियनने पॅच ठेवलाय. एसएसएचडीवर (एसएसएचचा सर्व्हर प्रोग्राम) एलडीडी, म्हणजे प्रोग्राम कोणत्या लायब्ररी वापरतो ते दाखवणारी कमांड, चालवून आत्ताच बघितलं, लिबरॅप (रॅपरची लायब्ररी) दिसतंय.

लॅबवाली_ताई: मी कॉलेजची लॅब सांभाळते, मला दोन्ही हवंत. एका पोराने डीबग करताना आयपीटेबल्सचे सगळे नियम फ्लश केले, म्हणजे पुसले, नियम नसेल तर लागणारी डिफॉल्ट पॉलिसी अ‍ॅक्सेप्ट होती, त्या रात्री एसएसएच वाचलं ते रॅपरमुळेच. पण त्याच रात्री पोस्टग्रेस (डेटाबेस) उघडं पडलं कारण ते रॅपरला विचारतच नाही, त्याची परवानगीची फाईल वेगळी, आणि एन्जिनएक्स या वेब सर्व्हरचंही तेच. तेव्हा नुसत्या रॅपरवर सर्व्हर सोडू नका.

नळस्टॉप_२२: ताई, दुसरं कुलूप पाहिजेच तर पासवर्ड लॉगिन बंद करून एसएसएच की (किल्लीची फाईल) वापरा ना. दादा, आज घरच्या ब्रॉडबँडवरून पोर्ट २२ ला टेलनेट कमांडने कनेक्ट करून बघा.

कर्वेनगर_अ‍ॅडमिन: केलं. कनेक्ट झालं आणि लगेच तुटलं. चालतंय की!

नळस्टॉप_२२: कनेक्ट झालं ना? म्हणजे अनोळखी माणूस एसएसएचडीपर्यंत पोचला, मग हाकलला गेला. फायरवॉलने पॅकेट कर्नलमध्येच टाकून दिलं असतं, एसएसएचडीला पत्ताही लागला नसता.

कर्वेनगर_अ‍ॅडमिन: हे मान्य. पोर्ट २२ साठी एनएफटेबल्स फायरवॉलचा एक नियम आज टाकतो. फाईल मात्र काढणार नाही.