रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग, दोन्हींना एकच हेडफोन चालेल का?

केबलगुंता:
घरातल्या खोलीत गाणं आणि अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करायची आणि मिक्सही तिथेच करायचं, असा बेत आहे. माइक कंडेन्सर, इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) दोन इनपुटचा, यूएसबीवरच चालणारा. खोलीला घुमणं आवरणारी कसलीही ट्रीटमेंट नाही, म्हणून स्पीकर सध्या नकोत. यादीत बेयरडायनॅमिक डीटी ७७० प्रो, ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स आणि सेनहायझर एचडी ६०० आहेत. एकच घ्यायचा तर कोणता? डीटी ७७० मध्ये ३२, ८० आणि २५० ओहम असे प्रकार दिसतात. जास्त ओहम म्हणजे जास्त चांगला का?

मंद्रषड्ज:
एकच घ्यायचा तर क्लोज्ड-बॅक (कपाची मागची बाजू बंद), म्हणजे एचडी ६०० बाद. मिक्सिंगला तिघांत तोच उजवा आहे, पण तो ओपन-बॅक, कपाची मागची बाजू जाळीची. माइक तोंडापासून वीतभर म्हणजे कानापासूनही फार लांब नाही. तालासाठी कानात वाजणारी क्लिक सरळ माइकमध्ये जाते. पुढे आवाजावर कॉम्प्रेसर (मोठे-बारीक आवाज जवळ आणणारं साधन) लावला की दोन ओळींमधल्या शांततेत हीच टिकटिक वर येते. मिक्स बिघडलं तर पुन्हा करता येतं. सुरांखाली बसलेली क्लिक धडपणे निघत नाही.

क्लोज्ड-बॅकही थोडा गळतोच. क्लिकला टोकदार टिक ठेवू नका. शेकरसारखा मऊ आवाज घ्या किंवा ३ किलोहर्ट्झच्या वरचं कापून टाका. गिटारचा शेवटचा सूर विरत असतो तिथे क्लिक म्यूट करा, गळती सगळ्यात आधी तिथेच उघडी पडते. एक कान मोकळा ठेवून गायची सवय असेल तर सगळा सिग्नल दुसऱ्या कानाकडे वळवून (पॅन करून) त्या बाजूचा बंदच करा. नाहीतर तो मोकळा कप माइकजवळ ठेवलेला छोटा स्पीकरच होतो.

दोन्ही कान झाकले की स्वतःचा आवाज हाडांतून घुमतो, त्यात ट्रॅक मोठा असेल तर सूर हलतो. आधी ट्रॅक कमी करा, मगच आवाज वाढवा. मॉनिटरला, म्हणजे गाताना कानात येणाऱ्या आवाजाला, थोडा रिव्हर्ब (घुमारा) द्या, रेकॉर्ड मात्र कोरंच होऊ द्या. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट कानात) वापरत असाल तर सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करायला विसरू नका. दोन्ही चालू राहिले की आवाज दुहेरी, नळीतून आल्यासारखा लागतो आणि दोष उगाच हेडफोनला जातो. सॉफ्टवेअरमधून ऐकलं तर उशीर लागतो: ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो तुकडा) म्हणजे एका दिशेला ५.३ मिलिसेकंद, जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट, वर कन्व्हर्टरचा वेळ वेगळा. ब्लूटूथचा उशीर तर याच्या कितीतरी पट, या कामाला तो नकोच.

शून्यडीबी:
ओहम म्हणजे दर्जा नव्हे, ती विजेच्या वाटेत अडचण किती (इम्पिडन्स) याची मोजणी आहे. इंटरफेसने १ व्होल्ट दिला तर ३२ ओहमला सुमारे ३१ मिलिवॅट मिळतात, ८० ला १२.५ आणि २५० ला फक्त ४. म्हणजे ३२ आणि २५० मध्ये जवळपास ९ डेसिबलचा फरक. यूएसबीवर चालणाऱ्या बऱ्याच इंटरफेसकडे व्होल्टेज मोजकंच असतं. मग २५० ओहमला नॉब शेवटपर्यंत फिरवूनही हळू रेकॉर्ड केलेली गिटार पुरेशी ऐकू येत नाही.

मग ३२ च घ्यावा? तिथे उलटी गोची आहे. इंटरफेसच्या हेडफोन आउटचा स्वतःचा इम्पिडन्स असतो, हेडफोन त्याच्या किमान आठपट हवा. आउट १० ओहमचा असेल तर ८० लागतात. हेडफोनचा इम्पिडन्स सगळीकडे सारखा नसतो, बासच्या रेझोनन्सजवळ (पडदा आपसूक जास्त हलतो तिथे) तो चढतो. आउटचा इम्पिडन्स मोठा असला की नेमका तिथला आवाज फुगतो, तुम्ही मिक्समध्ये बास कापता आणि बाहेर गाणं पोकळ वाजतं.

म्हणून ८० ओहम. शिवाय त्याची सरळ केबल ३ मीटरची आहे. ३२ वाल्याची १.६ मीटर, इंटरफेसपासून माइकपर्यंत ताणली जाते.

पॅनपॉट:
८० ला माझंही मत, पण एक इशारा. डीटी ७७० चा बास वाढीव आणि ८ किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा आहे. 'स' आणि 'श' असतात त्याहून तिखट लागतात. त्यावर विसंबून डी-एसर ('स'ची धार कमी करणारं साधन) ओढला की गायक बोबडा होतो. उपाय सोपा पण कंटाळवाणा: ओळखीची दोन-तीन गाणी प्रोजेक्टमध्येच आणा, त्यांचा आवाज तुमच्या मिक्सइतका होईपर्यंत खाली घ्या आणि दर काही मिनिटांनी आलटून पालटून ऐका. पातळी जुळवली नाही तर मोठं ते चांगलं वाटणारच.

पॅनिंगलाही फसगत होते. स्पीकरवर डावा आवाज उजव्या कानालाही थोडा पोचतो, हेडफोनवर अजिबात नाही. पूर्ण डावीकडे टाकलेली गिटार डोक्याबाहेर लोंबकळते. रिव्हर्बची बारीक शेपटीही स्पष्ट ऐकू येते, म्हणून हात आखडतो आणि स्पीकरवर मिक्स कोरडं निघतं. मोनो करून, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, एकदा ऐकाच.

केबलगुंता:
८० ओहम पक्का. चष्मा आहे, त्याने काही अडतं का?

पॅनपॉट:
अडतं. काडीमुळे गादी कानामागे पूर्ण टेकत नाही आणि क्लोज्ड-बॅकचा बास त्या फटीतून जातो. बास असलेला ट्रॅक लावून दोन्ही कप हलके दाबा. दाबल्यावर बास वाढला तर फट आहे. मिक्स करताना काडी थोडी वर उचलून गादीच्या बाहेर टेकवा किंवा पातळ काडीचा चष्मा घाला. ८० ओहमच्या गाद्या मखमली आहेत, सुट्या मिळतात आणि हाताने बदलता येतात. चपट्या झाल्या की बदला, कारण बास तेव्हाही असाच बदलतो, फक्त इतका हळूहळू की लक्षात येत नाही.